आमची निकू

निकिता रायते पहिल्यांदा आली तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तीन महिन्यांपासून कुणाच्याही समोर जेवत नव्हती. ताट वाढलं की ते उचलून ती बाथरूममध्ये जायची, आतून कडी लावायची आणि तिथे उकिडवं बसून जेवायची. एका हाताला संडासचं भांडं, दुसऱ्या हाताला बादली, मध्ये वरण-भात. तिच्या आईने, तेजस्विनीने, हे ज्योत्स्ना बागूलला फोनवर सांगितलं आणि मग म्हणाली, "आणि मॅडम, पूर्वी कशी छान हसायची. आता कॅमेऱ्यासमोर तोंडच उघडत नाही."

ज्योत्स्नाने वहीत 'बाथरूम' असं लिहिलं होतं. मग 'कॅमेरा' लिहून त्याखाली रेघ मारली.

ज्योत्स्ना सतरा वर्षं नाशकात मुलांचं समुपदेशन करत होती. गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मालनबाई बसायच्या. आल्या-गेल्याला पाणी द्यायच्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन एका मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवून घ्यायच्या. आतली खोली मुलांची. लहान मुलांसाठी वाळूचा ट्रे, शाडूची माती, कापडी बाहुल्या. मोठ्या मुलांना समोरासमोर बसवून प्रश्न विचारले की ती मिटतात, हे तिला पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळलं होतं. म्हणून ती त्यांच्या शेजारी बसायची आणि दोघांच्या हाताला काहीतरी काम द्यायची. थंडीत ओला हरभरा सोलायचा, एरवी शेंगा फोडायच्या, नाहीतर लोकरीचे गुंडे करायचे. हात चालू असले आणि नजर खाली असली की पंधरा वर्षांचा मुलगाही बोलायला लागतो.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. लाजिरवाणं काही सांगताना मूल आधी समोरच्याचा चेहरा बघतं. तिथे किळस दिसली की ते बोलणं तिथेच संपतं, कदाचित कायमचं. एका नऊ वर्षांच्या मुलीने मांजरीची पिल्लं हौदात बुडवल्याचं सांगितलं होतं, तेव्हा ज्योत्स्नाने फक्त विचारलं होतं, "किती होती?" मुलगी "चार" म्हणाली आणि मग रडली. किळस यायची नाही असं नाही. ती बाजूला ठेवायची ज्योत्स्नाला सवय झाली होती, आणि त्या सवयीचा थोडा अभिमानही होता.

रायते मंडळी ओझरहून आली ती तिघंही एकसारख्या रंगाचे कपडे घालून. वडील, राकेश, आधी एका कारखान्यात सुपरवायझर होते, ती नोकरी सोडून आता पूर्णवेळ घरचं चॅनल बघायचे. चॅनलचं नाव 'आमची निकू'. निकिता चार वर्षांची असल्यापासूनचे व्हिडिओ त्यावर होते.

ज्योत्स्नाने नेहमीप्रमाणे मुलीच्या देखतच नियम सांगितले. "निकिता इथे जे बोलेल ते माझ्याजवळ राहील. तिला कुणी इजा करतंय किंवा तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी ते पुढे सांगणार. पण सांगण्याआधी तिला सांगेन."

"आईबापालापण नाय सांगणार?" राकेशने हसत विचारलं.

"तिला विचारून सांगेन."

"बरं," तो म्हणाला. "आपण सुरुवातीचे दोनच मिनिटं शूट केले तर चालेल का? फक्त तुमचं बोलणं. लोकांना लय उपयोग होईल."

"नाही चालणार."

त्याने खांदे उडवले आणि दोघांनी फोन मालनबाईंच्या डब्यात टाकले. जाताना तेजस्विनी म्हणाली, "ही टिफिनची पिशवी राहू दे तिच्याजवळ. मध्ये भूक लागली तर." ज्योत्स्नाला ते चांगलं वाटलं.

पहिल्या दिवशी निकिता बसलीच नाही. ती खोलीभर फिरली. घड्याळाच्या मागे बघितलं. पडदे उचलले, बाहुल्या उलट्या करून त्यांच्या डोळ्यांच्या मण्यांवर बोट फिरवलं, पंख्याकडे बराच वेळ बघत राहिली. 'इथे कॅमेरा नाही' असं ज्योत्स्ना म्हणू शकली असती, पण ती शेंगा फोडत बसली आणि मुलीला बघू दिलं. अर्ध्या तासाने निकिता खुर्चीच्या कडेवर टेकली.

"नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये," ज्योत्स्ना म्हणाली, आणि शेंगांची परात तिच्याकडे सरकवली.

तिसऱ्या आठवड्यात निकिता बोलायला लागली. बाथरूममध्ये का जेवतेस, असं ज्योत्स्नाने विचारलं नव्हतं. "तिथे जेवायला बरं वाटतं का?" एवढंच विचारलं.

"घाण वाटतं," निकिता म्हणाली. "पण तिथे बाबा फोन आणत नाहीत."

मग शाळेतलं निघालं. वर्गातली मुलं तिला 'चार दिवस' म्हणायची. बेंचवर लाल पेनने रेघा ओढून ठेवायची. हे जूनपासून चालू होतं, कारण मे महिन्यात तिला पहिल्यांदा पाळी आली आणि त्याचा व्हिडिओ झाला.

"मी झोपेतून उठले तर आई रडत होती, आणि बाबांच्या हातात फोन होता," ती म्हणाली. तिचं बोट एका शेंगेत रुतलं होतं. "मला काय झालंय ते मला कळायच्या आधी लाइट लावलेला होता."

ज्योत्स्नाचा चेहरा हलला नाही. "मी तो व्हिडिओ बघू का?"

"सगळ्यांनी बघितलाय."

"सगळ्यांनी बघितला असेल. मी तू हो म्हणालीस तरच बघेन."

निकिताने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. मग म्हणाली, "नको."

"बरं."

पुढच्या आठवड्यात तिने आपणहून विषय काढला. "बघा तुम्ही. पण खालचं पण वाचा. आई म्हणते खालचं वाचायचं नसतं. मी सगळं वाचलंय."

ज्योत्स्नाने तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेऊन, खिडकीजवळ बसून बघितला. सव्वाबारा मिनिटांचा होता. सुरुवातीला संगीत, मग अर्धवट झोपेतल्या मुलीचा चेहरा, मग चादर. चादरीवर बाण काढला होता. लाल रंगाचा बाण, आणि शेजारी आश्चर्य वाटल्याचं चित्र. मग शेजारच्या बायका, हळद, ओटी, मुलीला नेसवलेली साडी, डोक्यावर फुलं. आणि शेवटी एका कुकरच्या कंपनीची जाहिरात, जिच्यात तीच मुलगी त्याच साडीत कुकरचं झाकण लावत होती. सबंध व्हिडिओत निकिता एकदाच बोलली होती. "बस ना बाबा" म्हणाली होती, आणि त्यावर हशाचा आवाज टाकला होता.

मग तिने खालचं वाचलं. सुरुवातीला आशीर्वाद होते, फुलं होती. त्याखाली पुरुष होते. कुणाच्या नावापुढे देवाचा फोटो, कुणाच्या नावापुढे स्वतःच्या लेकराला कडेवर घेतलेला. काहींनी फक्त मिनिट आणि सेकंद लिहून ठेवले होते, म्हणजे इतरांनी नेमकं कुठे थांबून बघायचं ते. ज्योत्स्नाने त्यातली एक जागा काढून बघितली आणि फोन उपडा ठेवला. तिच्या तोंडात पाणी सुटलं, उलटी व्हायच्या आधी सुटतं तसं. चहावर साय धरली होती. ती सायही तिला बघवेना. तिने कप मोरीत ओतला, हात धुतले आणि मग साबण लावून पुन्हा धुतले.

पालकांना काय सांगायचं आणि काय नाही, हे तिने निकिताला विचारून ठरवलं. मुलीने दोनच गोष्टी सांगायला लावल्या. तो व्हिडिओ काढा, आणि मला न विचारता फोन लावू नका. त्या दोन गोष्टी घेऊन ज्योत्स्ना राकेश आणि तेजस्विनीसमोर बसली.

"तो आमचा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ आहे," राकेश म्हणाला.

"म्हणूनच तो आधी काढायला हवा."

तेजस्विनी सावरून बसली. "मॅडम, आमच्या वेळी आम्हाला कोपऱ्यात बसवायचे. भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. मी ठरवलं होतं, माझ्या मुलीचं असं होऊ देणार नाही. पाळीबद्दल उघड बोलायला पाहिजे, हे तुम्हीच लोक सांगता ना? आम्ही जनजागृती केली. किती बायकांनी आम्हाला मेसेज केले."

"उघड बोलायला हवंच," ज्योत्स्ना म्हणाली. "पण तिच्या पाळीबद्दल तिने बोलायचं, तिला वाटलं तर. तुम्हाला तुमच्याबद्दल बोलता आलं असतं."

"माझं कोण बघणार आहे?" तेजस्विनी पटकन म्हणाली. आपण काय बोललो ते तिला कळलं असावं, कारण तिने लगेच पदर नीट केला आणि खिडकीकडे बघितलं.

"खालच्या कमेंट वाचल्यात तुम्ही?"

"घाणेरडी माणसं सगळीकडे असतात," राकेश म्हणाला. "आपण लक्ष द्यायचं नाही. आणि खरं सांगू का मॅडम, शिवी दिली तरी तीपण एक कमेंट म्हणून मोजली जाते."

हे बोलताना तो हसला. त्याच्या दातांत बडीशेपेचा हिरवा तुकडा अडकला होता. ज्योत्स्नाला त्या तुकड्याचीसुद्धा शिसारी आली. आईवडलांना बरोबर घेतल्याशिवाय मुलांचं काम होत नाही, त्यांच्यात काहीतरी चांगलं शोधावंच लागतं, हे ती स्वतः नव्या समुपदेशकांना शिकवायची. त्या दिवशी तिने शोधलं आणि तिला काही सापडलं नाही. दोघं "विचार करतो" म्हणून गेले. त्यांनी टेकलेल्या खुर्च्या तिने मालनबाईंना ओल्या फडक्याने पुसायला सांगितल्या. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या दोन आठवड्यांत निकिता जास्त मोकळी झाली. एकदा ती म्हणाली, "मी आंघोळ करताना डोळे मिटते. अंग माझं वाटतच नाही. पाहुण्यांच्या घरी एकच टॉवेल असतो ना, सगळ्यांनी तोंड पुसलेला, तसं वाटतं." बोलता बोलता तिने सोललेले चार दाणे तोंडात टाकले. कुणासमोर तरी तिने काही खाल्लं, ते ज्योत्स्नाने मुद्दाम बघितलं नाही असं दाखवलं.

त्यानंतरच्या शनिवारी मालनबाई आत आल्या. त्यांची सून रोज 'आमची निकू' बघायची.

"ताई, रागावू नका," त्या म्हणाल्या आणि आपला फोन पुढे केला. "ह्यो आवाज तुमचा हाय ना?"

पडद्यावर तेजस्विनीचा रडवेला चेहरा होता आणि मागे पियानो वाजत होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निकूला नेमकं काय झालंय? समुपदेशकांसमोर फोडला हंबरडा'. मग चित्र काळं झालं आणि आवाज आला. शेंगा फुटल्याचा बारीक टचटच आवाज, आणि मग निकिता. "अंग माझं वाटतच नाही." शब्द खाली एकेक करून उमटत होते. टॉवेलचं वाक्य दोनदा ऐकवलं होतं. शेवटी राकेश हात जोडून म्हणत होता, "आमच्या निकूसाठी एक हार्ट नक्की पाठवा."

टिफिनची पिशवी. तिच्या बाहेरच्या कप्प्यात दुसरा फोन होता. दर आठवड्याला ती पिशवी निकिताच्या खुर्चीला टांगलेली असायची आणि ज्योत्स्ना दर वेळी ती बघत होती.

ती बाथरूममध्ये गेली आणि ओकली. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तोंड धुऊन वर बघितलं तेव्हा आरशात तिचा चेहरा पार वाकडा झालेला होता, आणि तो सरळ करायला तिला वेळ लागला. किळस त्या दोघांची होती, पण नुसती त्यांची नव्हती. पहिल्या दिवशी त्या मुलीने बाहुल्यांचे डोळेसुद्धा तपासले होते. 'नाहीये' म्हणून तिला दुजोरा ज्योत्स्नानेच दिला होता.

बाल कल्याण समितीकडे तक्रार करायची, हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. पण आधी मुलीला सांगायचं कबूल केलं होतं. तेजस्विनी फोन उचलत नव्हती. ज्योत्स्ना दुपारच्या बसने ओझरला गेली.

रायत्यांच्या हॉलला दोन भाग होते. एका भागात गुलाबी भिंत, लावलेल्या फुलांच्या माळा, नवा सोफा, गोल दिवा. तिथे धुळीचा एक कण नव्हता. दिव्याच्या मागचा भाग कधीच चित्रात येत नसावा. तिथे न धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, जाहिरातीच्या वस्तूंचे फाटके खोके होते आणि जमिनीवर दोन खरकटी ताटं होती. त्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. आंबलेल्या वरणाचा वास येत होता. निकिता त्या भागात, खोक्यांना टेकून बसली होती.

तिने मान वर केली. "तुम्हीपण," एवढंच म्हणाली.

राकेशने तोवर फोन काढला होता. "तर मंडळी, आज आपल्या घरी निकूच्या मॅडम आल्या आहेत," तो खुशीच्या आवाजात म्हणाला.

ज्योत्स्नाला वाटलं, तो फोन हिसकावून खरकट्या ताटात आपटावा. तसं करताना आपण कशा दिसू आणि ते किती लोक बघतील, हेही तिला दिसलं. ती त्याच्याकडे पाठ करून निकिताच्या शेजारी जमिनीवर बसली. ओढणी दोघींच्या तोंडापुढे धरली आणि हळू आवाजात बोलली.

"त्या खोलीत फोन नाही असं मी तुला सांगितलं. पिशवीत होता. मी तपासायला हवी होती, तपासली नाही. माझी चूक झाली."

निकिता खोक्याचा फाटका कोपरा उचकटत राहिली.

"मला माहीत नव्हतं, एवढं तू मानलंस तर बरं. नाही मानलंस तरी मी समजेन. आता मी तक्रार करणार आहे. तू परवानगी दे, असं मी म्हणत नाहीये, कारण ही तक्रार मला करावीच लागेल. पण आधी तुला सांगेन म्हणाले होते, म्हणून आले."

"बाबांना पोलीस नेतील?"

"माहीत नाही. बहुतेक नाही, पण मला नक्की माहीत नाही."

"मला नेतील?"

"तुला विचारतील, तुला कुठे राहायचंय. एकटीला विचारतील. तेव्हा खरं सांग."

निकिताने मुंग्यांकडे बघितलं. मग त्याच हळू आवाजात म्हणाली, "संजना मावशीकडे. मनमाडला. तिला फोनचा कंटाळा आहे."

राकेश जवळ आला होता. "काय बोलताय? मोठ्याने बोला, आवाज येत नाहीये," तो म्हणाला. आणि मग तेजस्विनी, जी इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, म्हणाली, "बंद करा हो ते." त्याने बंद केला नाही.

समितीने निकिताला दोनदा बोलावलं. पहिल्यांदा ती एका सदस्य बाईंबरोबर पाऊण तास एकटी बोलली. काय बोलली ते ज्योत्स्नाने विचारलं नाही. दुसऱ्यांदा आदेश झाला. निकिता दिसते किंवा ऐकू येते असे सगळे व्हिडिओ काढायचे, तिचं पुढे चित्रीकरण करायचं नाही, शाळेचं वर्ष संपेपर्यंत ती मनमाडला मावशीकडे राहील. संजना रेल्वेत नोकरीला होती, एकटी होती. ती नाशकात येऊन भाचीला घेऊन गेली आणि जाताना ज्योत्स्नाशी दोनच वाक्यं बोलली. "माझी बहीण लहानपणी अशी नव्हती" हे एक, आणि "खरं तर अशीच होती" हे दुसरं.

राकेशने गाडीत बसून शेवटचा व्हिडिओ केला. त्यात निकिता नव्हती. काही लोकांना सुखी कुटुंबं बघवत नाहीत, असं तो डोळे पुसत म्हणाला, आणि ज्योत्स्नाच्या केंद्राचा पत्ता त्याने दोनदा सांगितला. आठवडाभर तिचा फोन वाजत राहिला. मुलीच्या व्हिडिओखाली जी माणसं होती, तशीच माणसं होती, आता ती संस्कृतीबद्दल बोलत होती. दोन पालकांनी मुलं पाठवणं बंद केलं. एक आई स्पष्टच म्हणाली, "तुम्ही आईबापावर केस करता म्हणे." ज्योत्स्ना हो म्हणाली.

निकिताने तिच्याकडे पुढे यायला नकार दिला. मनमाडला शाळेतल्याच एका समुपदेशक बाईंकडे ती जायला लागली. ज्योत्स्नाला ते लागलं, आणि बरोबरही वाटलं. संजनाकडून अधूनमधून कळायचं. मुलगी ओट्याशेजारी उभी राहून जेवते. मग, स्टुलावर बसून जेवते. दिवाळीत तिने केस अगदी कानापर्यंत कापून घेतले आणि फोटो काढू दिला नाही.

जानेवारीत एका दुपारी तेजस्विनी एकटी आली. फोन डब्यात टाकून ती पर्सही मालनबाईंसमोर उलटी करून दाखवायला लागली. ज्योत्स्नाने तिला आत येऊन बसायला सांगितलं.

"सुरुवातीला त्या कमेंट मी काढून टाकायचे," तेजस्विनी म्हणाली. "सकाळी उठलं की पहिलं तेच काम. किती काढणार? मग एक दिवस कंटाळा केला. त्या दिवशी बघणारे वाढले. मग नाही काढल्या." तिने नाक पुसलं. "तुम्ही मोठ्या मुलांशी कशा बोलता ते मी सगळं ऐकलंय. त्या फोनवर. माझ्याशी तसं बोलाल का? मला कुणाशी तरी बोलायचंय."

ज्योत्स्नाने तिच्याकडे बघितलं. चोरून ऐकलेलं ते सगळं, मुलीचा तो टॉवेल, या बाईने कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकलं असणार, कुठे कापायचं ते ठरवायला. तिने आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

"तुम्हाला माझी किळस येते," तेजस्विनी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

ज्योत्स्नाला नाही म्हणता आलं असतं. चेहराही तसा ठेवता आला असता.

"येते," ती म्हणाली. "म्हणून मी तुमच्यासाठी बरी नाही. तुम्हाला खरंच बोलायचं असेल तर कॉलेज रोडला माझी एक मैत्रीण आहे, ती मोठ्या माणसांबरोबर काम करते. चांगली आहे. मी तिला तुमच्याबद्दल काही सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

तिने नंबर कागदावर लिहून दिला. तेजस्विनीने तो वाचला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवला. दारापर्यंत गेल्यावर ती थांबली.

"तिथे गेले तर निकू मला भेटेल?"

"ते निकिता ठरवेल."

तेजस्विनी गेली. ज्योत्स्नाने दोन्ही खिडक्या उघडल्या आणि तिची खुर्ची बाहेर गॅलरीत उन्हात नेऊन ठेवली. खालच्या दवाखान्यातून दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता. तेजस्विनी मैत्रिणीकडे गेली की नाही, हे तिला कधीच कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. पाळीचा तो व्हिडिओ मात्र अजून कुठे कुठे वर येतो, वेगळ्या नावांनी, वेगळ्या बाणांनी. कुणी दाखवला की ज्योत्स्ना तक्रार करते, तो काढला जाईपर्यंत मागे लागते, आणि त्या दिवशी जेवत नाही.